जमनीबाईनं निवडलेली रायफल

मित्रांनो, मी सशांवरची रायफल आहे. वय झालं आहे, दस्त्यावर चरे पडले आहेत, पण नळी अजून सुतासारखी सरळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. वाघ, अस्वल, रानडुक्कर ही माझी कामं नाहीत आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. माझी गोळी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. चाळीस-पन्नास पावलांवरचा ससा मी आजवर चुकू दिलेला नाही. बढाई वाटली तर वाटू द्या, खरं आहे ते आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मला तिथंच मिळाला. मग जहाज, मग मुंबई, मग मोठी आगगाडी, आणि शेवटी मुर्तिजापूरहून यवतमाळला येणारी ती छोट्या रुळांची गाडी. ती इतकी सावकाश चालत होती, की माझ्या खोक्यात मला झोप लागली. जाग आली ती बबनरावांच्या दुकानात.

बबनराव म्हणजे यवतमाळचे बंदूकवाले. त्यांनी मला काचेच्या कपाटात उभं केलं. माझ्या एका बाजूला दोन नळ्यांची, छऱ्यांची बारा बोअर बंदूक होती. दुसऱ्या बाजूला माझ्याच मापाची, पण दहा गोळ्या एकदम पोटात घेणारी रायफल. दोघींचा तोरा काय विचारता! माझ्यात एका वेळी एकच काडतूस मावतं. त्यातून काडतूस भरून नळीमागचा खटका बंद केला तरी मी लगेच उडत नाही. मागं घोड्याची एक गुंडी आहे, ती बोटांनी जोर लावून मागं ओढावी लागते. ‘टक्’ असा आवाज होतो, तेव्हा कुठं चाप काम करतो. गिऱ्हाईक यायचं, गुंडी ओढून बघायचं आणि म्हणायचं, “हे तर लई येळखाऊ काम हाये.” दीड वर्ष मी त्या कपाटात धूळ खाल्ली.

एकोणीसशे सत्तावन्नच्या थंडीत धावजी नाईक दुकानात आले. मारेगावच्या बाजूला त्यांचा बंजारा तांडा. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले होते. धावजी मात्र शेतकरी झाले होते, आणि तांड्याचे नाईक असल्यामुळं बाकीच्यांच्या शेताची काळजीही त्यांच्याच डोक्यावर होती. त्या वर्षी सशांनी नाल्याकाठचा सगळा हरभरा कोवळा असतानाच कुरतडून टाकला होता. कचेरीत चार खेटे घालून धावजींनी पीक राखायचा परवाना मिळवला. परवाना एका हत्याराचा. निवड चुकली, तर पुढच्या वर्षीचा हरभराही सशांच्याच पोटात जाणार होता.

त्यांच्यासोबत जमनीबाई होती, त्यांची बायको. अंगात कांचळी म्हणजे चोळी, आणि आरसे जडवलेला लाल घागरा, ज्याला तांड्यात फेटिया म्हणतात. तिनं पाऊल टाकलं की दुकानाच्या भिंतीवर कवडसे नाचायचे. मी तर पाहतच राहिले.

धावजींनी थेट बारा बोअर उचलली. “हे द्या. आवाजानंच ससे वणीपर्यंत पयतीन.”

“आन् गाभण गाई? त्यायले कुठपर्यंत पयवता?” जमनीबाई म्हणाली. मग तिनं बबनरावांना तोंड उघडून दाखवलं. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. “पाहा भाऊ. गावातल्या भगवानरावानं ससा धाडला व्हता. मटनात छर्रा निंगाला. दात गेला माह्या, आन् हसतात मातर हे!”

बबनरावही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “बाई बरोबर बोलून राह्यल्या, नाईक. सशाले छऱ्याची बंदूक कायले? ही बारकी रायफल घ्या. आवाज कमी, धक्का नाही, मटन खराब होत नाही. पन रानडुकरावर चालवू नका, जखमी होऊन अंगावर येईन. आन् गोळी लहान दिसते म्हनून फसू नका. मोकळी सुटली तर मैलभर जाते. मागं बांध नाहीतर टेकाड असल्याशिवाय उडवू नका.”

“मंग दहा गोळ्यावाली द्या,” धावजी म्हणाले. “एक चुकली तर नऊ हायेत.”

जमनीबाईनं मला हातात घेतलं. माझी गुंडी ओढली. टक्. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. टक्. मला वाटलं, आता हीसुद्धा नाक मुरडणार.

“गंगीचे बापू,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुमचा सोभाव मले ठावा हाये. हातात दहा असल्या तर दहाई उडवसान. हे घ्या. हे तुमाले इचार कराले लावते.”

बबनरावांनी काडतुसाची डबी पुढं सरकवली आणि शेवटची गोष्ट सांगितली. “नाईक, नुसतं काही चमकलं म्हनून गुंडी ओढायची नाही. सशाचे कान दिसले पाह्यजे. कान दिसले, मगच गुंडी.”

अशी मी तांड्यात आले. भगवानरावांनी मला पाहिलं आणि पोट धरून हसले. “काय नाईक, हे बंदूक हाये का दात कोराची काडी? का बाईचा दात गेला म्हनून घेतली?” धावजींचा चेहरा पडला. मीही मनातून खट्टू झाले. पण आठच दिवसांत नाल्याच्या बांधाला टेकून धावजींनी एका संध्याकाळी तीन काडतुसांत तीन ससे टिपले, तेव्हा भगवानराव स्वतः मला बघायला आले आणि उलटसुलट करून, जपून परत ठेवून गेले.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. पिकाच्या दिवसांत धावजी ऊन कलल्यावर मला घेऊन निघायचे. बांधाशी बसायचे, वारा कुठून येतो ते पाहायचे. ससा कान उभारून बसला की माझ्या नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याच्यावर धरायची, गुंडी ओढायची आणि मग चाप. शिकार तांड्यात आली की तिचे वाटे पडायचे. जितकी घरं तितके वाटे, मग वाट्याला दोनच तुकडे येवोत. पहिला वाटा कोकिळाबाईचा, कारण ती एकटी राहायची. नाईकाच्या घरचा वाटा सगळ्यात शेवटी. जमनीबाई जेवताना मुद्दाम कडाकडा हाडं फोडायची आणि म्हणायची, “पाहा, एक तरी छर्रा लागते का दाताले!” हरभरा घाट्यांनी लगडला. लग्नाबिग्नाला पाहुणे आले की धावजी मला खाली काढून दाखवायचे. मी तेव्हा फार चढून गेले होते, हे कबूल करते.

एकटी मीच चढले नव्हते. धावजीही चढले होते. आठ वर्षांत नेम चुकला नाही, असं सगळे म्हणायचे. त्यांचे डोळे अधू व्हायला लागले होते, पण तांड्याच्या नाईकानं चष्मा लावायचा म्हणजे काय! त्याऐवजी त्यांनी बॅटरी आणून माझ्या नळीखाली बांधली. दिवेलागणीला उजेड टाकायचा, पिकात सशाचे डोळे चमकले की बार. कान दिसायची वाट पाहणं हळूहळू सुटलं. मला ते कळत होतं. पण मला तोंड नाही, आणि खरं सांगू, तेव्हा मलाही वाईट वाटलं नाही. ससे तर पडत होते ना!

एकोणीसशे पासष्टची संक्रांत जवळ आली होती. मुलगी गंगी माहेरी आली होती. तिला हरभऱ्याच्या पाल्याची आंबट भाजी फार आवडायची. दिवस मावळला तशी जमनीबाई कोणाला न सांगता पाला खुडायला नाल्याकाठी गेली. धावजी दुसऱ्या अंगानं मला घेऊन त्याच शेताकडं आले. अंधारून आलं होतं. बॅटरीचे मसाले, म्हणजे सेल, उतरले होते, उजेड पिवळा मिणमिणता पडत होता. मधल्या तुरीच्या ओळीआड, जमिनीलगत, दोन ठिपके चमकले. अगदी शेजारी शेजारी.

“बसला हाये बेटा,” धावजी पुटपुटले. मला खांद्याला लावलं. माझी माशी त्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये आली. मी तयार होते. माझ्या पोटात काडतूस होतं आणि मला वाटत होतं, चला, आणखी एक. धावजींनी गुंडी धरली. थंडीनं त्यांची बोटं आखडली होती. एकदा निसटली. दुसऱ्यांदा त्यांनी जोर लावला.

टक्.

“थांबा! मी हावो! मी हावो, गंगीचे बापू!”

तुरीआडून जमनीबाई उभी राहिली. ओटीत पाला, आणि फेटियाच्या काठावरचे आरसे उजेडात लखलखत होते. त्यातलेच दोन आम्हाला दिसले होते. बॅटरीचा उजेड पडला तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा घ्यायला आला. मग तिनं तो ‘टक्’ ऐकला. आठ वर्षं ओळखीचा आवाज, तिनंच दुकानात दोनदा करून पाहिलेला.

धावजींच्या हातून मी खाली पडले. ते धावत तिच्यापाशी गेले आणि लहान पोरासारखे रडले. मित्रांनो, मला रडता येत नाही. पण ‘टक्’ न करता लगेच उडणारी दहा गोळ्यावाली तिथं असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या नळीत आजही थंडगार बसलेला आहे. माझा नेम चुकला नसता. मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नेमाला घाबरले.

घरी आल्यावर धावजींनी मला खुंटीला लावलं आणि हात जोडले. वर्षभर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला गंज चढला, नळीत कोळ्यानं घर केलं. तिकडं सशांनी हरभरा पुन्हा बोडका केला. तांड्यातले लोक दारात येऊन बसायचे आणि धावजी मान खाली घालायचे. एक दिवस ते जमनीबाईला म्हणाले, “तू ते आरसे काढून टाक. मंग मी बंदूक घेतो.”

जमनीबाई भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून ती वळली. “म्या आरसे काढू? माह्या आजीपासून हायेत ते. आरशायचा काय गुन्हा? आरसे राह्यतीन. तुमीच डोये तपासा!”

तिनं मला खाली उतरवलं. आधी जवसाचं तेल लावलं, त्यानं मी अशी चिकट झाले की विचारू नका. मग गावातल्या शिंप्याकडून मशीनचं तेल आणून तिनं मला नळीच्या आतपर्यंत पुसलं. धावजी तिच्यासोबत वणीला गेले आणि जाड भिंगाचा चष्मा लावून आले. भगवानराव हसले, पण या वेळी धावजींचा चेहरा पडला नाही.

बॅटरी आता घरात असते. उजेड आहे तोवरच आम्ही शेतात जातो. कान दिसले तरी धावजी गुंडीला हात लावत नाहीत. आधी मोठ्यानं हाक देतात, “कोन हाये बे?” थांबतात. पुन्हा हाक देतात. तेवढ्यात निम्मे ससे शेपूट वर करून पसार होतात. तांड्यातले तरणे लोक म्हणतात, नाईकाची अक्कल गेली, आधी हाक आणि मग शिकार! म्हणू द्या. पळालेला ससाही त्या दिवशी हरभरा खात नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

मित्रांनो, हत्यार घ्यायचंच झालं तर कामापुरतं घ्या, आणि त्याला कोरडं, पुसलेलं ठेवा. पण गुंडी ओढायच्या आधी हाक मारा. परवाच आम्ही बांधाशी बसलो होतो. धावजींनी हाक दिली, “कोन हाये बे?” एक मोठा ससा टुणकन उडून नाल्यात गेला. आणि पलीकडून, हरभऱ्यातून, जमनीबाई ओरडली, “मीच हावो! पाला खुडून राह्यले. दम धरा, सोबतच जाऊ घरी.”

धावजींनी माझ्या पोटातलं काडतूस काढून खिशात टाकलं. रिकाम्या पोटानं मी त्या दोघांच्या मागून घरी आले. त्या दिवशी आम्हाला काहीच मिळालं नाही, आणि मित्रांनो, मी इतकी खूश कधीच नव्हते.