जिवंत जावयाचं सुतक

आमच्या ह्यांना रडू फार लवकर येतं, पण ते पुस्तकातल्या माणसांसाठी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुठल्याशा कादंबरीत एखादं अनाथ पोर थंडीत कुडकुडून मेलं, की ह्यांचा आवाज घोगरा होतो आणि चष्मा काढून पुसला जातो. माझे वडील नागपुरात वारल्याचा फोन आला तेव्हा मात्र ह्यांनी एवढंच विचारलं होतं, की संध्याकाळी चार जण जेवायला यायचेत, त्यांना नको म्हणून कळवायचं, की तूच करतेस थोडंफार काहीतरी.

हे म्हणजे डॉ. गुरुदत्त देवस्थळी. आम्ही अडुसष्ट साली कॅनडात, वॉटर्लूला आलो आणि निवृत्त होईपर्यंत ह्यांनी इथल्या गोऱ्या मुलांना त्यांच्याच पणजोबांचं साहित्य शिकवलं. त्या काळातला समाज बायकांशी कसा वागला, यावर ह्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली, त्यांना हाकलून देणारे बाप, घराची अब्रू, चर्चमधली कुजबुज, सगळं आहे त्यात. त्याची प्रुफं मी तपासली आहेत, त्यामुळे त्यात काय आहे ते मला ह्यांच्याइतकंच पाठ आहे. फक्त मला ते खरंही वाटलं होतं.

आमची एकुलती एक मुलगी गौरांगी मिल्टनला राहते, ग्रॅहमबरोबर. ग्रॅहम लोकांची घरं गरम ठेवणारे फर्नेस बसवतो आणि दुरुस्त करतो. दोघांनी मिळून घर घेतलं, पण लग्न केलं नाही. इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही, सरकारलासुद्धा नाही. वाटतं ते ह्यांना. ह्यांनी मुलीला घराबाहेर काढलं, असं कुणी म्हणू शकणार नाही हं. सुशिक्षित माणूस! ह्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "तुझं स्वातंत्र्य तुला, आमचं घर आम्हाला." त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. मीच अधूनमधून बसने जायचे आणि परत आले की ह्यांना काही सांगायचे नाही. ह्यांनीही कधी विचारलं नाही.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. तिला सातवा महिना संपत आला होता.

"आई, माझं बीपी वाढलंय. डॉक्टरने कम्प्लीट बेड रेस्ट सांगितलीय. ग्रॅहमची विंटरमध्ये डबल शिफ्ट असते, सगळ्यांचे फर्नेस आत्ताच बंद पडतात ना." मग जरा थांबून म्हणाली, "कॅन आय कम होम? फक्त बेबी होईपर्यंत."

ही मुलगी लहानपणापासून कधी कुणाकडे काही मागत नाही. बर्फात घसरून हात मोडला होता तेव्हासुद्धा शाळेतून स्वतः चालत घरी आली होती. तिने मागितलं आणि मला भडभडून आलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात विचारायचं काय? मी तिची खोली केव्हाच आवरून ठेवली होती. डिंक, खारीक, अळीव, सगळं ब्रॅम्पटनहून आणून ठेवलं होतं. राहता राहिलं ह्यांना विचारणं.

हे तेव्हा इथल्या मराठी मंडळातल्या व्याख्यानाची तयारी करत होते. विषय अर्थातच 'व्हिक्टोरियन कादंबरी आणि तिला घडवणारा समाज.' मी सगळं सांगितलं. कागदावरची नजर न काढता म्हणाले, "बघू."

दोन-तीन दिवस नुसतंच बघणं चाललं. मग एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाले, "येऊ दे तिला."

मला इतका आनंद झाला, की चहात साखर दोनदा घातली गेली. हे पुढे म्हणाले, "मी दिलीपला कळवलंय." दिलीप आमच्या मंडळाचा अध्यक्ष.

"दिलीपला काय कळवायचं त्यात?"

"की गौरांगीने गेल्या वर्षी कोर्टात लग्न केलं होतं, आणि नोव्हेंबरात तिचा नवरा फोर-ओ-वन हायवेवर अपघातात गेला. आम्ही दुःखात होतो, म्हणून इतके दिवस बोललो नाही."

मला आधी कळेचना. मग म्हटलं, "अहो, ग्रॅहम जिवंत आहे."

"मला माहीत आहे ते. त्याचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. त्याने तीन-चार महिने इकडे फिरकू नये, एवढंच. मूल झालं, की ती जाईल परत. लोक विसरतात." टोस्टचा तुकडा मोडून ते म्हणाले, "यात सगळ्यांचीच सोय आहे, मृणाल. तिला घर मिळतं, लोकांना सहानुभूती दाखवता येते."

"आणि बाळाला बघायला बापाने यायचं नाही?"

"फोन आहेत की."

ही युक्ती ह्यांची स्वतःची नव्हती. पुस्तकातलं चौथं प्रकरण. मुलीचं पाऊल वाकडं पडलं, की घरचे तिच्या बोटात अंगठी घालत, अंगावर काळे कपडे चढवत आणि दुसऱ्या गावी नेऊन विधवा म्हणून ठेवत. हे काय संतापून लिहिलं होतं ह्यांनी! म्हणे, एका मुलीला क्षमा करण्यापेक्षा त्या समाजाला कधी जन्मालाच न आलेला नवरा मारणं सोपं गेलं. त्या वाक्याशी आले तेव्हा मी प्रुफं बाजूला ठेवून ह्यांना मुद्दाम चहा करून दिला होता.

पण मी गप्प बसले. मला मुलगी घरात हवी होती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. म्हटलं, आधी ती येऊन अंथरुणावर पडू दे, मग ग्रॅहमला मागच्या दाराने आत घेईन. गौरांगीला काहीच सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, की रविवारी बाबांचं व्याख्यान आहे, तू सोमवारी ये.

रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये बूट काढून चपला घालते न घालते तोच बायकांनी मला घेरलं. दिलीपची बायको उल्का, तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "वहिनी, एवढं मोठं दुःख गिळून बसलात! आम्हाला परकं समजलात ना?" मागून कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. ज्या बाईने मुलीचं लग्न झालं का म्हणून दर दिवाळीला मला टोचलं होतं, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या लेकीचं नाव त्या हॉलमध्ये कुणी एवढ्या मायेने घेतलं नव्हतं.

मग सुनेत्रा मला जरा बाजूला घेऊन गेली. मंडळातली सगळ्यांत जुनी बाई, सणवार तिला विचारून होतात.

"मृणाल, राग मानू नकोस हं. डोहाळजेवणाचं काही मनात आणू नकोस आता. ओटीबिटी भरणं बरं दिसत नाही अशा वेळी. घरातल्या घरात गोडाधोडाचं कर, पुरे."

मी सुनेत्राकडे बघतच राहिले. तिचं काय चुकलं? विधवेची ओटी भरत नाहीत, तिने रीत सांगितली. पण माझ्या लेकीची ओटी बंद झाली ती तिच्या बापाच्या तोंडच्या एका वाक्याने, आणि तिकडे मिल्टनला तिचा माणूस तिच्यासाठी सूप गरम करत होता. मी पुढच्या रांगेत जाऊन बसले.

व्याख्यान फार सुंदर झालं, त्याबद्दल वाद नाही. हे बोलायला उभे राहिले, की माणूस ऐकतच राहतो. गिरण्या आल्या, पैसा आला, नवा मध्यमवर्ग आला आणि त्याने आपली सगळी प्रतिष्ठा घरातल्या बायकांच्या अंगावर चढवली, हे ह्यांनी इतकं सोपं करून सांगितलं, की मुलांच्या मागे पळणाऱ्या आयासुद्धा थांबल्या. मग आला तो बर्फातला प्रसंग. बाहेर हिमवर्षाव, पोटुशी मुलगी दार ठोठावते आहे, आणि बाप आत शेकोटीपाशी पवित्र ग्रंथ उघडून बसला आहे. ह्यांचा आवाज घोगरा झाला. चष्मा निघाला. हॉलमध्ये रुमाल निघाले.

प्रश्नोत्तरांत नंदन उभा राहिला. पुण्याहून नुकताच आलेला, सॉफ्टवेअरमधला. "सर, त्या बापाला आतून काय वाटत असेल?"

"वाटत सगळं असतं," हे म्हणाले. "पण त्याला लोकांची भीती वाटते. मुलीच्या जिवापेक्षा त्याला शेजाऱ्यांचं तोंड मोठं वाटतं. तो दुष्ट नव्हे, भित्रा आहे. आणि साहित्य आपल्याला भित्र्यांनाही क्षमा करायला शिकवतं."

टाळ्या थांबेनात. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. कुठे काही हललं असेल, एखादी शीर, एखादी पापणी. काहीसुद्धा नाही. ह्या माणसाने आत्ता स्वतःचं वर्णन केलं, आणि ते ह्यांना ऐकूच आलं नाही.

मग सत्कार. आमच्या मंडळात वक्त्याला शाल-श्रीफळ आणि बायकोची खणानारळाने ओटी, ही पद्धत. उल्काने माझ्या पदरात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घातलं आणि दिलीपने नेहमीप्रमाणे माइक पुढे केला. "वहिनी, दोन शब्द." मी इतकी वर्षं "मी काय बोलणार" म्हणत आले, लोक हसतात, मी खाली उतरते. हे शाल सावरत खुर्चीतून उठायलाही लागले होते.

मी माइक घेतला. "ही ओटी मी गौरांगीला नेणार आहे. तिचा नवरा मेलेला नाही, कारण तिने लग्नच केलेलं नाही. ती ज्याच्याबरोबर राहते, तो ग्रॅहम चांगला धडधाकट आहे. बाळ त्याचं आहे. तुम्ही सगळ्यांनी फार प्रेमाने विचारपूस केलीत, म्हणून खरं सांगितलं. मे महिन्यात बारशाला या."

मग दिलीप म्हणाला, "चहा आणि बटाटेवडे मागच्या बाजूला आहेत."

मी खाली उतरले. मघाशी जिने हात धरले होते ती उल्का कपबशा मोजायला निघून गेली. सुनेत्राने मान वळवून भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला घेतलं. जावई मेला होता तोवर तीस बायका माझ्याजवळ होत्या. तो जिवंत झाला आणि माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एकटा नंदन येऊन म्हणाला, "काकू, राइड हवीय?" त्याच्या बायकोने तिकडून हाक मारली, तसा तोही गेला. हे शाल पांघरून तिथेच बसून होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

लॉबीतून मी ग्रॅहमला फोन केला. तो कामाच्या व्हॅनमधूनच आला. बर्फात चालायला मला हात दिला, ओटीचा पदर सांभाळत मी चढले. रस्त्यात त्याला सगळं सांगितलं. आधी तो खो खो हसला.

"डिड आय सफर मच, मिसेस डी?"

"नाही," मी म्हटलं. "जागच्या जागी गेलास."

तो पुन्हा हसायला गेला, पण ते हसू मध्येच विझलं.

गौरांगी सोफ्यावर पाय वर करून पडली होती. तिला कुंकू लावून मी ओटी भरली. सगळं ऐकल्यावर ती ओटीतले तांदूळ मुठीत घेऊन सोडत राहिली. मग म्हणाली, "आई, नाही म्हणाले असते ना, आय वुड हॅव अंडरस्टूड. पण त्यांनी ग्रॅहमला मारून टाकलं गं. माझ्या बाळाच्या बाबाला." आणि ती रडली. तिच्या रडण्याला घोगरा आवाज नव्हता, पुसायला चष्मा नव्हता. नाक गळत होतं, चेहरा लाल झाला होता. ग्रॅहम तिच्या पायांशी बसून राहिला. रडणं असं असतं. आमच्या ह्यांनी ते कधी पाहिलं असेल, असं वाटत नाही.

मी स्वयंपाकघरात मागच्या खेपेला आणून दिलेला डिंक तळायला घेतला, आणि फोन वाजला. ग्रॅहमने उचलला, "हॅलो" म्हणाला, मग थोडा वेळ नुसताच ऐकत उभा राहिला आणि फोन माझ्या हातात दिला. "ही वोन्ट टॉक टू मी."

"मृणाल," हे म्हणाले. "कोण होतं ते?"

"ज्याला तुम्ही फोर-ओ-वनवर मारलंत तो."

मला वाटलं, आता विचारतील. कशी आहे, बीपी किती आहे, काहीतरी विचारतील. मी गॅस बंद करून वाट बघितली, कारण वेडी आशा सुटत नाही.

"तू आज परत येणार आहेस, की नाही?" हे म्हणाले. "सकाळी दिलीपचा फोन येईल. मी लोकांना काय सांगू?"

"सांगा, मीसुद्धा गेले," मी म्हटलं. "अपघातातच सांगा, त्याच रस्त्यावर. लोक तुमचे हात हातात घेतील."