उलटी मेढ

आमच्या घरात एखादं काम बिघडवायचं असलं की ते माझ्याकडे देतात. केवळाच्या लग्नाची मेढही मीच आणली. केवळा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, ग्यानोबादादाची पोर. राज्य निजामाचं. सरकारी रानातलं झाड तोडलं की दरोगा हजर. म्हणून त्याच रानातला, नायगावच्या ओढ्याकाठचा पांगारा घाईघाईत तोडला, दोन्ही टोकं सारखी छाटली, काटे तासले आणि मेढ खांद्यावर टाकून घर गाठलं. दारात मेढ रोवली, सवाष्णींनी हळद लावली, आंब्याचे डहाळे बांधले. सगळे जेवायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं, शेंडा खड्ड्यात गेलाय आणि बुडखा आभाळाकडे आहे.

रोवलेली मेढ लग्न लागेपर्यंत उपटत नाहीत. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी जळकोटहून सांगावा आला. नवरदेव, श्रीमंत त्याचं नाव, मुदतीच्या तापानं पडला होता. लग्न पुढं गेलं आणि गावातल्या बायांना विषय मिळाला. ‘मेढ रोवली अन् नवरा अंथरुणाला लागला, पोरीचा पायगुण बरा न्हाई.’ केवळानं ते ऐकलं. पोरगी उंबऱ्याबाहेर येईना. दोष कुणाचा ते मला ठाऊक होतं, पण जीभ रेटेना. लाज वाटायची स्वतःची. त्या पोराच्या जिवासाठी मी इतके नवस बोललो की फेडायला दोन जन्म लागतील.

बाविसाव्या दिवशी दारात छकडा थांबला. श्रीमंतची आजी साखराबाई उतरली.

“ताप उतरला,” ती उतरता उतरताच म्हणाली. “पेज पिऊन राहिला.”

दादा लहान पोरासारखा रडला.

“पण पोरीबद्दल लई कायबाय कानावर आलं. म्हटलं, आपल्या डोळ्यानं बघावं.”

ती सरळ मेढीपाशी गेली. मेढीला पालवी फुटली होती. शुभशकुन मानून वहिनीनं तर रोज तिची दृष्ट काढली होती. म्हातारीनं कोंबाच्या मुळाशी बोट लावलं.

“ही उलटी रोवलीय. कोंब खाली निघून वर वळलेत बघा.”

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो.

“हाव, मीच रोवली. माझं डोकं फोडा, पण सोयरीक मोडू नका. पोरीचा काय दोष न्हाई.”

म्हातारी एकदम हसली.

“आरं, आमचा श्रीमंत पायाळू हाय. उलटाच आला. सुईण म्हणली, जगत न्हाई. जगला का न्हाई? आन् आता दुसऱ्यांदा जगला.” मग आत तोंड करून तिनं हाक मारली, “केवळा, ये माय. दोन दिस झाले छकड्यात, भूक लागलीय.”

केवळा ताट घेऊन आली. साखराबाईनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि पहिला घास तिलाच भरवला. मी गोठ्यात जाऊन पोटभर रडून घेतलं.