नव्वदनंतरचं अंडं

अंडी मोजताना मीनाबाई नव्वदपर्यंत सरळ जायच्या आणि मग एकदम ब्याण्णव म्हणायच्या. मधला आकडा त्यांच्या तोंडून गेल्या डिसेंबरपासून उडालाच होता. गिऱ्हाईक हसायचं, "मावशी, एक खाल्लं की!" त्या एक अंडं वरून ठेवायच्या.

त्यांचा मुलगा धम्मदीप एक्याण्णवच्या वेगानं गेला होता. निदान कागदावर तरी.

शुक्रवार पेठेतून मंद्रूपच्या बाजाराला मोटरसायकलवर अंडी पोचवायची धम्मदीपनं, आणि बाजारात बसायचं आईनं, अशी त्यांची वाटणी. त्या दिवशी आई एसटीनं पुढं गेली होती. माणसं खोळंबली तसा तिनं फोन लावला, "कुटं हायेस रं? गिऱ्हाईक माघारी चाललंय. लवकर ये की!"

"आलोच," तो म्हणाला. आलाच नाही. मागून कुणीतरी धडक देऊन निघून गेलं. कोण, ते आजतागायत सापडलं नाही.

जलदानविधीच्या दिवशी, वंदना चालू असताना, त्याचा फोन वाजला. आपल्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली आहे. नोंदलेला वेग एक्याण्णव. तारीख तीच, वेळ अपघाताच्या जेमतेम मिनिटभर आधीची. पोलिसांच्या कागदात 'भरधाव' हा शब्द येऊन बसला आणि मीनाबाईंच्या डोक्यात त्यांचे स्वतःचेच दोन शब्द. लवकर ये.

तो फोन त्यांनी कधी बंद होऊ दिला नाही. रोज चार्जिंगला लावायच्या. दर पंधरा दिवसांनी तो टिंग करायचा, दंड भरा म्हणून धम्मदीपला नावानिशी हाक मारायचा, आणि अख्खी खोली श्वास धरून बसायची. भिंतीवरच्या फोटोतला तो तेवढा हसत असायचा.

प्रतिक्षा, त्याची बहीण, घरच्यांची 'पती', दहावीत होती. वक्तृत्वात नुकतंच पहिलं बक्षीस मारल्यापासून तिला कुणाचीच भीती वाटत नव्हती, फक्त त्या टिंगची वाटायची. एका दुपारी शाळेतून आल्या आल्या तिनं दप्तर फेकलं, तो फोन उचलला आणि आजवर घरात कुणी केलं नव्हतं ते केलं. चलानसोबत आलेला फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला.

दादा समोरून येत होता. पाठीमागं खांद्याच्या वर गेलेली ट्रेची चळत, ट्यूबनं आवळलेली. वरचा ट्रे कोरडा ठणठणीत. दादाचं नेहमीचं वाक्य तिला ऐकूच आलं, अगदी कानापाशी: "चाळीसच्या वर गेलं की वरचा ट्रे रडतो, पती." फुटलेल्या अंड्याचे ओघळ म्हणजे ट्रेचं रडणं.

या फोटोत कुणी रडत नव्हतं. पण दादाच्या खांद्यामागं, अगदी लगत, एका टँकरचं भलंमोठं तोंड होतं.

पुढच्या बाजाराला ती शाळा बुडवून भीमामामाच्या मोटरसायकलवर, ट्रेच्या पुढं अंग चोरून बसली. अपघात झाला त्या वळणाच्या अलीकडं, लिंबाखाली, पोलिसांची वेग मोजणारी गाडी तशीच उभी होती. मामा पुढं जाऊन थांबला. ती उतरून थेट गाडीपाशी गेली.

"काय गं, शाळा नाही?" उदयसिंह नावाच्या साहेबांनी विचारलं.

"आहे की. सर, तुमच्या मशीनला अंडी दिसतात का?"

साहेब हसले. तिनं फोटो पुढं धरला तसं हसू जिरलं.

"मशीन खोटं बोलत नाही, बाळ."

"नसंल बोलत. पण ते कुणाबद्दल बोलतंय, हे कसं कळतं?"

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "बोलव तुझ्या मामाला. परत येऊ दे पलीकडून. बघूच."

पहिल्या खेपेला मामा एकटाच आला. एकोणचाळीस. दुसऱ्या खेपेला त्याच्या मागं एक ट्रॅव्हल्स सुसाट आली. मशीनच्या चौकटीत मामा, आणि आकडा त्र्याऐंशी.

"त्र्याऐंशी?" मामा खाली उतरला. "साहेब, ही गाडी घाटातनं ढकलून दिली तरी साठ जायची न्हाय! वरचा ट्रे बघा, रडलाय का?"

साहेबांनी ट्रेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. मग म्हणाले, "अर्ज लिही. आजचे दोन्ही आकडे टाक. खाली मी सही करतो." आणखी हळू आवाजात, "आणि तो टँकर... फोटो माझ्याकडं ठेवून जा."

बाजारात पोचून प्रतिक्षानं सगळं एका दमात सांगितलं. आईनं तीनदा सांगायला लावलं.

"म्हंजी चाळिसानंच चाललावता?"

"व्हय आई."

"मी लवकर ये म्हनले तरी?"

"तरी."

"मेल्यानं माजं ऐकलंच न्हाय म्हन की!" मीनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. खूप दिवसांनी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारची भाजीवाली बजाबाई बघतच राहिली.

बारा दिवसांनी फोन टिंग झाला. चलान रद्द. त्यानंतर तो वाजला नाही. तरी मीनाबाई त्याला चार्जिंगला लावतच राहिल्या.

पुढच्या बाजारी त्या मोजत होत्या. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. प्रतिक्षाचा हात थबकला.

"एक्याण्णव," आई म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं. आणि अंडं हातातच राहिलं.

"पती, माजा फोन घ्यायला तो बाजूला थांबला असंल न्हवं?"

"...असंल."

"थांबला नसता, तर त्या टँकरच्या आदीच हितं पोचला असता की."

यासाठी मशीन नव्हतं, अर्ज नव्हता, सही करणारे साहेब नव्हते. गिऱ्हाईक पिशवी उघडी धरून उभं होतं. प्रतिक्षानं आईच्या मुठीतून ते अंडं अलगद सोडवलं, पिशवीत ठेवलं आणि ट्रेमधलं पुढचं तिच्या हातात दिलं.

"मोज की आई," ती म्हणाली. "ब्याण्णव."