डी ड्राइव्हमधला आवाज

मुलाने संगणक सुरू केला तेव्हा आतून टक्, टक् असा आवाज आला. मुलगा म्हणायचं ते आईवडिलांच्या हिशेबाने, एरवी चाळिशी ओलांडलेला बाप्या. त्याने संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला. पुन्हा टक्, टक्. शहाणा माणूस तिथेच थांबला असता, पण पाचावर धारण बसल्यावर शहाणपण सुचतंय कुणाला? सकाळभर हा तेच करत बसला आणि दर खेपेला ती टकटक वाढत गेली.

त्या हार्ड डिस्कमध्ये त्याच्या आईचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्र काढावं लागणार होतं, म्हणून त्याआधी तिने माइकसमोर बसून डॉक्टरांनी दिलेली ढीगभर वाक्यं बोलून ठेवली. त्यावरून एक यंत्र तयार होणार होतं. तिने टाइप करायचं, यंत्राने तिच्या आवाजात बोलायचं. आता तुम्ही म्हणाल, पाटीवर लिहावं की. लिहील हो, पण वाचणार कोण? बाबांची दृष्टी केव्हाच गेलेली. ऑपरेशननंतर तयार, परक्या आवाजाचं एक यंत्र आणून पाहिलं, तर बाबा ताडकन म्हणाले, "ही कोण बाई घरात आणलीस? बंद कर तिला." तेव्हापासून ती त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं गिरवते, त्यांना निम्मी कळत नाहीत, मग दोघंही चिडतात आणि तास न् तास गप्प बसतात.

मुलाने डिस्क उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेली.

"दुसरीकडे कॉपी आहे ना?" दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलं.

"आहे की. सी ड्राइव्हवर आहे, शिवाय डी ड्राइव्हवरही." आईलाही त्याने हेच छातीठोकपणे सांगितलं होतं.

बाई म्हणाल्या, "अहो, सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. कपाटच पेटलं तर वरचा काय आणि खालचा काय?"

आईला काय सांगायचं? तुझा आवाज मी घालवला, असं? ती ओरडणारही नाही, आणि त्याला भीती वाटत होती ती त्याचीच.

बाईंनी डिस्क आपल्या यंत्राला जोडली. "कधी बंद पडेल याचा नेम नाही. एकेक फाइल काढून बघते." पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. मध्येच थांबायची, डिस्क टकटकायची, मग पट्टी पुन्हा सरकायची.

तेवढ्यात घरून फोन आला. बाबा होते.

"अरे, कुठे उलथलास? तुझी आई केव्हाची माझ्या हातावर काहीतरी लिहितेय. 'आवाज' एवढंच लागलं मला. कसला आवाज?"

"येतो बाबा. आलोच," तो कसंबसं म्हणाला. फोन तसाच चालू ठेवून तो पडद्याकडे बघू लागला.

"एक आली," बाई म्हणाल्या आणि फाइल नीट आहे का बघायला त्यांनी ती लावली.

स्पीकरमधून आधी खाकरणं आलं. मग आई बोलली. डॉक्टरांच्या वाक्यांतलं नव्हतं ते, माइक चालतोय का बघायला सहज म्हटलेलं.

"अहो, ऐकलंत का?"

फोनवर बाबा इतक्या हलक्या आवाजात बोलले की मुलाने त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ऐकतोय गं. बोल ना."

डिस्कची टकटक थांबली. पट्टीही थांबली. बाईंनी वायर काढली, पुन्हा लावली, डिस्कवर हात ठेवून पाहिला. काहीच फिरत नव्हतं. त्यांनी मान हलवली. "एवढीच निघाली."

मुलाने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. आई बाबांच्या शेजारीच बसली असणार, त्यांचा हात हातात घेऊन.

"बोल ना," बाबा म्हणत होते. "गप्प का झालीस?"