एका हाताने घातलेली वेणी

आमच्या जावयाचा उजवा हात कारखान्यातल्या प्रेस मशीनने नेला. तेव्हापासून माझी लेक नोकरीला जाते आणि जावईबापू घर सांभाळतात. नातीच्या वेण्या तर अशा घालतात की मला दोन हातांनी जमत नाहीत. दोन पेड डाव्या हाताच्या बोटांत, तिसरा दातांत.

परवा त्यांचे कारखान्यातले दोन सोबती आले. त्यातला मिशीवाला दारातूनच खिदळला, "काय रे, पुरुषासारखा पुरुष तू, आणि वेण्या घालत बसलास?"

माझं टाळकंच सटकलं. चहाचं आधण मी गॅसवरून खाली उतरवलं. असल्यांना कसला चहा!

जावयांनी मात्र दातांतला पेड सोडला नाही. वेणी पुरी केली, रिबीन बांधली आणि मग विचारलं, "माझ्या मशीनवर आता कोण असतं?"

"मीच," मिशीवाला म्हणाला.

"हात आत जाऊ नये म्हणून जाळीचा गार्ड लावलाय?"

"नाही अजून."

"मी गार्ड मागितला, तेव्हा तुम्ही सगळे मला बायल्या म्हणालात. माझ्या जिव्हारी लागलं. तसाच हात घातला आणि मर्द ठरलो."

मिशीवाल्याची मान खाली गेली. जावई हसले.

"उद्या गार्ड लावल्याशिवाय मशीन चालू करू नकोस. कुणी बायल्या म्हणालंच, तर माझ्याकडे पाठव. दोन वेण्या घालून परत पाठवतो."

मी आधण पुन्हा गॅसवर चढवलं. मिशीवाल्याने कप दोन्ही हातांनी धरला.