पुसलेला निळा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. रंगांच्या दुकानात माझ्या जातीला पॅलेट म्हणतात, पण या घरात मला सगळे ‘पाटी’ म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. माझी मालकीण चित्रकार आहे. ती नळीतले रंग माझ्यावर काढते, सुरीने कालवते आणि कुंचल्याने कॅनव्हासवर नेते. चित्र भिंतीवर जातं, मी फडताळात जाते. पाहुणे चित्रासमोर माना डोलावतात आणि माझ्याकडे बघून ‘जपून हं, कपड्यांना लागेल’ असं म्हणतात. मी ते मनाला लावून घेत नाही.

एका सुताराने कपाटाचं दार करून उरलेल्या तुकड्यातून मला कापलं. अंगठ्यासाठी भोक पाडताना त्याचा हात जरा सैल सुटला, म्हणून ते थोडं मोठंच झालं. मग त्याने मला काचकागदाने घासलं आणि आठ दिवस रोज जवसाचं तेल पाजलं. “आता ही रंग पिणार नाही, धरून ठेवील,” असं तो म्हणाला होता. त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं तर किती बरं झालं असतं!

मालकीण शाळेत चित्रकला शिकवायची. नोकरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने एक नेम धरला. रोज सकाळी एक चित्र, वहीच्या पानाएवढं, आणि दुपारच्या जेवणाआधी संपलंच पाहिजे. एक दिवस पक्षी, एक दिवस वस्तू. पक्ष्यांसाठी खिडकीच्या कठड्यावर दाणे टाकलेले असायचे. चिमण्या यायच्या, कबुतरं यायची, कधी एखादा कावळा येऊन सगळ्यांना हुसकावून लावायचा. वस्तूंच्या दिवशी टेबलावर दोन कांदे, एक अंडं, तुटक्या चोचीची किटली असं काहीबाही मांडलेलं असायचं. ताप आला तरी नेम चुकला नाही. तापात काढलेले कांदे जरा लालबुंद झाले होते, एवढंच.

तिचे रंग माझ्यावर कायम एकाच क्रमाने बसायचे. अंगठ्यापासून निघालं की पांढरा, पिवळा, मातकट पिवळा, तांबडा, तपकिरी, निळा, हिरवा, काळा. इतक्या वर्षांत या क्रमाला कुणी हात लावला नव्हता. तिला माझ्याकडे बघावंच लागत नसे. नजर पक्ष्यावर असे आणि हात आपोआप हव्या त्या रंगाशी पोचे. मला याचा फार अभिमान होता. या अभिमानानेच आमचा घात केला.

कारण साधारण तीन वर्षांपूर्वीपासून तिने माझ्याकडे बघणं न बघणं सारखंच झालं. बघून तिला कळतच नव्हतं. गडद निळा, हिरवा आणि काळा नळीतून नुसते बाहेर आले की तसेही सारखेच दिसतात. तिला तर ते तिन्ही एकच दिसू लागले. ती मला नाकापर्यंत उचलायची, डोळे बारीक करायची आणि मग “हल्ली नळ्यांत पूर्वीसारखा माल येत नाही,” म्हणून कंपनीला नावं ठेवायची. चित्रं पिवळट होत चालली. चिमण्या मातकट झाल्या, अंडी शिळी दिसू लागली. घरात मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढायची सोय नव्हती. तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन फसलं होतं, आणि पुढची अकरा वर्षं याच मुलीने तिला हाताला धरून फिरवलं होतं. त्या धास्तीने ती आपलं अंधुक झालेलं जग पदरात लपवून बसली होती.

घरात तिची धाकटी बहीण असते. तिची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. जिथली वस्तू तिथे नसली तर तिला घास गिळवत नाही. मसाल्याच्या डब्यांनासुद्धा तिने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. जीव मात्र थोरलीवर भारी.

एके दिवशी घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. चौकात त्यांचं टपरीवजा दुकान आहे. त्यांची बायको गेली आणि महिन्याभरात तिने पाळलेला पक्षीही गेला. चिमणीएवढा पिंजऱ्यातला पक्षी, पण रुबाब असा की बायको त्याला ‘साहेब’ म्हणायची. त्याचं चित्र काढून घ्यायला ते आले होते. काकांजवळ त्याचा एकच फोटो होता, तोही दुकानात उन्हात लटकून पार पिवळा पडलेला. आकार कळत होता, रंग नाही.

“छातीचा रंग कसा होता?” मालकिणीने विचारलं.

“निळा.”

“निळे पन्नास असतात, काका.”

“म्हणजे बघा बाई, शाईचा डाग धुतल्यावर कपड्यावर जो राहतो ना, तसा. पण त्यात किंचित जांभळं.”

मालकीण कालवू लागली. काका माझ्यावर वाकून बसले, त्यांची ती घड्याळात बघायची काच डोळ्याला लावून.

“असा?”

“नाही. हा फारच आनंदी झाला.”

“मग असा?”

“हा आजारी दिसतो. साहेब शेवटपर्यंत ठणठणीत होता.”

दोघं हसली. कणभर पांढरा, टीचभर तांबडा, पुन्हा निळा, असं तासभर चाललं. तिला दिसत नव्हतं, पण काकांना दिसत होतं, आणि त्यांच्या ‘हो’ आणि ‘नाही’वर ती पुढे सरकत होती. शेवटी काकांनी काच काढली आणि बाहीने डोळे पुसले.

“हा. हाच,” ते म्हणाले. “ती रोज पिंजरा पुसताना हाच रंग समोर असायचा.”

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर हजारो रंग आले. पण कुणी माझ्याकडे बघून रडलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मालकिणीने त्या रंगाच्या छोट्या ढिगावर एक वाटी पालथी घातली. तेलरंग लवकर वाळत नाही, उद्या याच रंगाने छाती रंगवायची असं ठरलं.

दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं म्हणून ती आडवी झाली. एरवी मला ती स्वतः पुसते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पण धाकटीला बहिणीची दया आली. तिने वाटी उचलली, माझ्यावरचा सगळा राडा टर्पेंटाइनने पुसला, तेलाचा हात फिरवला आणि मला आरशासारखं लख्ख केलं. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. तिने सकाळसाठी ताजे रंगही काढून ठेवले, आणि ते नळ्यांवर छापलेल्या क्रमांकांप्रमाणे! ग्रंथालयातली पुस्तकं लावावीत तसे. त्या क्रमात हिरवा निळ्याच्या जागी आला आणि निळा पार टोकाला गेला.

सकाळी मालकिणीने सुरी फिरवली आणि ती मोकळ्या लाकडावर घसरली.

“इथला ढीग कुठाय?”

“पुसला. किती घाण झाली होती ताई.”

“घाण? अगं तो रंग होता! तासभर बसून मिळवलेला! तुला कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला?”

धाकटी एवढीशी झाली. क्रमही बदललाय हे सांगायला तिने तोंड उघडलं होतं, पण थोरलीचा अवतार बघून मिटून घेतलं. आणि मालकिणीने काकांना निरोप धाडून पुन्हा बोलवायचं सोडून “माझ्या लक्षात आहे तो,” असं म्हणत नेहमीच्या जागी सुरी टेकवली. तिथे हिरवा होता. तिने त्यात पांढरा घातला, तांबडा घातला आणि साहेबाची छाती रंगवली. मी आतल्या आत ओरडत होते. लाकडाचं ओरडणं कोण ऐकतो?

पंधरा दिवसांनी काका चित्र न्यायला आले. चित्रातला पक्षी शेवाळलेल्या भिंतीसारखा होता. काकांनी ते उजेडात धरलं, बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतात तसं बघितलं, आणि म्हणाले, “डोळे अगदी त्याचेच आलेत.” बाकी काही नाही. कागदात गुंडाळून घेऊन गेले.

ते गेल्यावर धाकटी हळूच म्हणाली, “ताई, काका निळा म्हणाले होते ना?”

“निळाच आहे तो.”

धाकटी चहाचे कप उचलू लागली.

“आणि थोडा इकडेतिकडे झाला असेल तर कुणामुळे? तू पुसला नसतास तर प्रश्नच नव्हता.”

हे मात्र माझ्या मालकिणीचं मला आवडलं नाही, आणि मी ते स्पष्ट सांगते. दोष तिच्या डोळ्यांचा होता, तिला तो ठाऊक होता, आणि तिने तो बहिणीच्या माथी मारला. धाकटी आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने न बोलता रंग जुन्या क्रमाने लावून द्यायला सुरुवात केली. थोरलीनेही न बोलता ते घेतले.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका पक्ष्याच्या दिवशी मालकीण तासभर खिडकीकडे बघत चित्र काढत होती. कठड्यावर कबूतर अंग फुगवून बसलंय, जरासुद्धा हलत नाही म्हणून ती खूश होती. धाकटी चहा घेऊन आली आणि चित्राकडे बघून जागच्या जागी थिजली.

“ताई, काय काढतेयस?”

“दिसत नाही का? कबूतर.”

“ताई, ते फडकं आहे. मी वाळत घातलंय.”

मालकिणीने कुंचला माझ्यावर ठेवला. मग ती लहान मुलीसारखी म्हणाली, “आईसारखं होईल गं माझं.” धाकटीने चहा तसाच खाली ठेवला आणि तिला जवळ घेतलं. त्याच आठवड्यात दोघी डॉक्टरांकडे गेल्या. मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. दोन ऑपरेशनं झाली. आईसारखं काही झालं नाही. सगळं नीट पार पडलं.

मला वाटलं, आम्ही सुटलो! पण नजर परत आल्यावर तिने पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर भिंत. तीन वर्षांची चित्रं ओळीने टांगलेली. ती एकेका चित्रापुढे उभी राहत गेली. मातकट चिमण्या, शिळी अंडी, गढूळ किटली.

“हे मी काढलंय?” ती धाकटीकडे वळली. “तुला हे दिसत होतं?”

“दिसत होतं,” धाकटी म्हणाली.

“तीन वर्षं?”

“तू सकाळी इतकी आनंदात असायचीस ताई. माझ्याच्याने बोलवलं नाही.”

“फ्रेम करणाऱ्याला दिसत होतं? शेजाऱ्यांना? सगळे वा वा करत होते!”

मालकीण खुर्चीत बसली आणि एकदम उठली. “साहेब!” असं म्हणून तिने मला, नळ्यांना आणि सुरीला पिशवीत कोंबलं.

काकांच्या दुकानात मी पहिल्यांदाच गेले. बाकासमोर, मान वर केली की दिसेल असा तो पक्षी टांगलेला होता. मालकिणीने तो नव्या डोळ्यांनी पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“काका, मला दिसत नव्हतं. तुमच्यापासून लपवलं, बहिणीवर ढकललं. माझं चुकलं. आत्ता इथेच बसून नीट करून देते. तुम्ही फक्त मागच्यासारखं सांगा.”

काकांनी चित्र खाली उतरवलं. ती कालवू लागली. हात आता पक्का होता, नजर लख्ख होती.

“असा?”

“असेल.”

“की यात थोडं जांभळं?”

“तसाही असेल.”

“काका, नीट बघा ना. शाईचा डाग म्हणाला होतात.”

काकांनी डोळ्याची काच काढून बाकावर ठेवली. “बाई, पाच महिने हे चित्र माझ्यासमोर आहे. आता डोळे मिटले तरी मला हाच दिसतो. हिरवा. परवा स्वप्नात ती पिंजरा पुसत होती, तर त्यातही हिरवाच. मला नका विचारू. माझ्याकडे नाही आता तो.”

सुरी माझ्यावर तशीच टेकून राहिली. तो रंग मला माहीत होता हो! एक दुपार मी तो अंगावर वागवला होता. माझ्यावर किती तरी निळे मांडलेले होते आणि त्यांतला कुठलाही तो नव्हता, हे सांगायला मला तोंड नव्हतं. काकांनी चित्र पुन्हा खिळ्याला लावलं आणि तिच्यासाठी चहा मागवला.

आता घरात नवा नेम आहे. चित्र झालं की धाकटीने समोर उभं राहून खरं ते सांगायचं. पहिल्या दिवशी ती बिचारी घामाघूम झाली आणि म्हणाली, “किटली वाकडी आहे.” थोरली संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही, पण किटली खरवडून पुन्हा काढली.

मित्रांनो, मला पुसताना विचार करू नका, मी लाकूड आहे, माझं काही जात नाही. पण एखादी गोष्ट दिसत नसेल तर दिसत नाही म्हणून सांगा, आणि आपल्या माणसाचं चुकताना दिसलं तर त्याच दिवशी बोला, भांडण झालं तरी बोला. साहेब कसा दिसायचा, हे सांगू शकेल असं आता कुणीच उरलेलं नाही.