पहिला नंबर निळ्या वायरीचा

मी एक जुनी निळी वायर आहे. माझं एक टोक इंटरनेटच्या डबीत आणि दुसरं ताईंच्या कॉम्प्युटरात. मधलं अंग भिंतीच्या कडेने, लोखंडी कपाटामागून, दाराच्या चौकटीवरून गेलेलं. कारखान्यात माझ्या पोटात आठ बारीक तारा जोडीजोडीने पिळून भरल्या, तेव्हाच मला कळलं की आपल्याला जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवायचे आहेत. मला ते आवडलं.

मित्रांनो, ताई दुभाषी आहेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी त्या हातांच्या खुणांनी बोलतात. दवाखान्यात डॉक्टर जे सांगतात ते ताई घरबसल्या ऐकतात आणि पडद्यावर खुणा करून दाखवतात. चित्र अडकलं की हात अडकतात आणि बोलणंच तुटतं. सहा वर्षं मी एकदाही हात अडकू दिला नाही. थोडा तोरा होता मला, कशाला लपवू?

मग घराला रंग द्यायचं निघालं. रंगाऱ्याच्या शिडीचे मला सारखे हिसके बसायचे आणि मी मध्येच सुटायचे. वैतागून ताईंनी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये वायफायला दहा आणि मला पन्नास आकडा दिला. तिथला नियम असा, की ज्याचा आकडा लहान त्याचा नंबर आधी. रंगकाम संपलं, मला पुन्हा नीट खोचलं, आकडे मात्र तसेच राहिले. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणून सगळ्यांना वाटलं मी कामाला लागले. मी तर नुसती बसून होते.

वायफाय बिचारं दोन भिंती आणि ते कपाट ओलांडताना धापा टाकायचं. चित्र अडकायचं. मग जन्मभर टपाल वाटलेले ताईंचे वडील फडकं घेऊन मला पुसायचे, टोक दाबायचे. तेवढ्यात चित्र आपोआप सुरू व्हायचं. "बघ, गुणाची आहे वायर," बाबा म्हणायचे. न केलेल्या कामाची शाबासकी घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ताईंच्या ओळखीत ऐकू न येणारी एक पहिलटकरीण होती. नऊ महिने ताईच तिचे कान होत्या. पण शेवटच्या दोन तपासण्यांत चित्र अडकलं आणि ती घाबरली. बाळंतपणात असं झालं, तर डॉक्टर काय म्हणतात ते तिला कोण सांगणार?

तो दिवस उजाडला. सकाळी नर्सबाईंनी आधी एकदा कॉल लावून पाहिला. चित्र अडकलंच. बाबा फडकं घेऊन धावले आणि घाईत त्यांनी मला कॉम्प्युटरातून उपटूनच काढलं. तरी चित्र सुरू झालं. नर्सबाई बोलतच राहिल्या.

"अगं," बाबा हळूच म्हणाले, "वायर तर माझ्या हातात आहे. मग ही बाई येतेय कुठून?"

"वायफायवरून," ताई म्हणाल्या.

"दोन रस्ते असले की आधी कुठल्याने जायचं ते कोणीतरी ठरवून दिलेलं असतं. टपालात तरी असायचं. इथे कोणी ठरवलं?"

ताईंनी कपाळावर हात मारला. "मीच की, बाबा. रंगकामाच्या वेळी."

त्यांनी मला खोचलं, सेटिंग उघडलं आणि आकडे बदलले. मला दहा, वायफायला पन्नास. पुन्हा कॉल लागला आणि माझ्या आठही तारांत जीव आला. मला इतका आनंद झाला की काय सांगू! थांब, श्वास घे, आता जोर लाव, असं ताईंचे हात तीन तास सांगत होते. एक बोटसुद्धा अडकलं नाही.

मग माझ्यातून एक आवाज आला, बारीक आणि चांगलाच रागावलेला. दवाखान्यातली नवी आई मात्र पडद्याकडेच बघत होती. ताईंनी खूण केली, "बाळ रडतंय."

"मोठ्याने?" तिने हातांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात ऐकू आलं म्हणावं," बाबा आतून म्हणाले. ताईंनी तेही सांगितलं. ती रडता रडता हसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्ही पुसता, जपता, ते चांगलंच आहे. पण अधूनमधून त्यांना खरंच काम आहे का, तेही बघा. नसेल तर त्या बिघडल्या असं लगेच समजू नका. कदाचित कोणीतरी त्यांचा नंबर मागे टाकून विसरून गेलं असेल. बाबा मला अजून रोज पुसतात. आता मी ताठ मानेने पुसून घेते.